दुसऱ्या फेरीतल्या सहा काचा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्याही पुढे, जिथे पेशंटचे नातेवाईक वाट चुकूनच पोचायचे, तिथे पॅथॉलॉजीची लॅब होती. त्या लॅबमध्ये ती सव्वीस वर्षं टेक्निशियन होती. समोर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे खातरजमाताई. हे दुसरं नाव तिच्या कानावर आलेलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. उलट मनातून थोडं बरंच वाटायचं.

नाव चुकीचं नव्हतंच. घरातून निघताना ती गॅस बंद आहे का ते दोनदा बघायची, कुलूप ओढून बघायची, जिना उतरायची, परत चढायची आणि पुन्हा एकदा ओढून बघायची. नवरा खाली उभा राहून ओरडायचा, "अगं, एक दिवस कुलूप उपटून हातात येईल तुझ्या!" तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणजे चुका शोधणं हा त्याचाही धंदा, पण तो चुका टेबलावर ठेवून घरी यायचा. ही आपल्या न झालेल्या चुकासुद्धा पिशवीत घालून आणायची. "तुला काळजी नसली ना," तो म्हणायचा, "की तू त्याचीच काळजी करतेस."

तिचं काम असं: ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून यायचा. यंत्राच्या पात्यावर ती वडी फिरवून तिचा केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा पातळ पापुद्रा काढायचा, तो कोमट पाण्यावर सोडायचा आणि काचेच्या पट्टीवर अलगद झेलायचा. मग त्यावर रंग चढवायचे. रंगवलेली काच वरच्या मजल्यावर डॉक्टर मॅडमकडे जायची आणि त्या मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहायच्या. काचेवर पेशंटचं नाव नसायचं, फक्त नंबर. ताईनं सव्वीस वर्षांत हजारो माणसं अशी हाताळली होती, पण बघितलेलं एकही नव्हतं.

स्तनाच्या गाठींची एक तपासणी खास तिच्याकडे होती. तिला सगळे हर-टू म्हणत. हर-टू हे एक प्रथिन आहे. ते पेशीच्या अंगावर अर्धं बाहेर, अर्धं आत असं रोवलेलं असतं. बाहेरून वाढायची सूचना आली की ती आत पोचवायची, एवढंच त्याचं काम. निरोगी पेशीवर अशी प्रथिनं बेताची असतात. पण काही जणींच्या गाठीत पेशींवर त्यांची दाटी होते, इतकी की ती एकमेकांना चिकटतात आणि बाहेरून कुणी काही सांगितलेलं नसतानाही आत 'वाढ, वाढ' असं कळवत सुटतात. ती गाठ मग भराभर फोफावते. त्यातल्या त्यात दिलासा असा की त्या प्रथिनालाच धरून गप्प बसवणारं औषध आहे. हर-टू असेल तर ते औषध द्यायचं. नसेल तर दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. म्हणजे एखादीला ते औषध मिळणार की नाही हे ताईच्या काचेवर तपकिरी रंग चढतो की नाही यावर ठरायचं. म्हणून त्या काचांच्या दिवशी ती कुणाशी फारशी बोलायची नाही.

तो मंगळवार तसाच होता. अकरा पेशंटच्या अकरा काचा होत्या. रंगवण्याआधी काचा एका द्रावणात, सत्त्याण्णव अंश तापमानाला चाळीस मिनिटं ठेवाव्या लागायच्या. गाठ टिकवायच्या औषधात आणि मेणात राहून ते प्रथिन मिटून गेलेलं असतं, ते या उष्णतेनं उघडतं. द्रावणाचं भांडं गरम पाण्याच्या टाकीत ठेवायचं. त्यात सहाच काचा मावायच्या. म्हणून दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत पाच पेशंट आणि सहावी काच खात्रीची, म्हणजे जिच्यात हर-टू भरपूर आहे हे आधीच माहीत असलेली. ती तपकिरी झाली की सगळं काम नीट झालं असं धरायचं. दुसऱ्या फेरीत उरलेल्या सहा जणी.

पहिली फेरी संपली आणि फोन वाजला. भाऊ होता.

"आई बाथरूममध्ये घसरली. घाबरू नकोस, शुद्धीवर आहे. पण कंबर धरून बसलीय."

घाबरू नकोस म्हटल्यावर कुणी घाबरायचं थांबलंय का! फोन खांदा आणि कान यांच्यात धरून ती 'कुठे लागलंय, उभं राहता येतंय का, डॉक्टरना बोलावलंस का' असं विचारत राहिली, आणि तिचे हात सवयीनं पुढचं करत राहिले. टाकीतलं पाणी आटलं होतं. हातांनी दोन जग पाणी ओतलं. दुसऱ्या सहा काचा आत ठेवल्या. घड्याळ लावलं. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, तापमान लिहिलं.

आईच्या कमरेला मुका मार होता, आठ दिवसांत ती हिंडू-फिरू लागली. खात्रीची काच सुंदर तपकिरी आली होती. दुसऱ्या फेरीतल्या सहाही जणींचा रिपोर्ट 'हर-टू नाही' असा गेला. त्यात वावगं काहीच नव्हतं. पाच-सहा जणींतली एखादीच 'आहे' निघायची.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी, शेजारच्या टेबलावरचा टेक्निशियन ती टाकी साफ करत होता. काम करताना सतत गुणगुणायचा म्हणून त्याला सगळे गुणगुण्या म्हणत. पंचेचाळिशीचा, दोन मुलींचा बाप, पण नाव तेच.

"ताई, ही टाकी आता म्हातारी झाली हं," तो म्हणाला. "दोन जग गार पाणी घाला, परत सत्त्याण्णववर यायला पंचवीस मिनिटं घेते. मघाशी घड्याळ लावून बघितलं."

"नवीन मागवू या," ताई म्हणाली. आणि मग तिच्या हातातली काच हातातच राहिली.

तिनं हात पुसले, रजिस्टर काढलं, मंगळवारचं पान उघडलं. पहिली फेरी संपली: अकरा वीस. दुसरी सुरू: अकरा पंचवीस. तापमान: सत्त्याण्णव. अक्षर तिचंच, नेहमीसारखं गोल, सुबक. त्या पाच मिनिटांत दोन जग गार पाणी पडलं होतं. पाच मिनिटांत ती टाकी सत्त्याण्णववर येणं शक्यच नव्हतं. तिनं तापमापकाकडे बघितलंच नव्हतं. हातानं सवयीनं आकडा लिहून टाकला होता.

ती खुर्चीवर बसली. गुणगुण्याचं गुणगुणणं थांबलं.

"काय झालं? आईचं काही?"

तिनं पान त्याच्यापुढे सरकवलं. दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं पान दोनदा वाचलं, दरवाजाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मेणाच्या वड्या आहेत ना आपल्याकडे? उद्या सकाळी आपण दोघं लवकर येऊ, सहाही परत करू. सगळ्या 'नाही' आल्या, तर विषय संपला. कुणाला कळायचंही कारण नाही."

"आणि एखादी 'आहे' आली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा मी काय सांगू? सहज म्हणून परत केली?"

तो परत टाकी घासायला लागला. मॅडम त्या दिवशी लवकर गेल्या होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता. ताई घरी गेली. जेवताना नवऱ्यानं तिच्या ताटाकडे बघितलं आणि विचारलं नाही, कारण विचारलं की ती 'काही नाही' म्हणते हे त्याला पाठ होतं. तो गप्प बसला, आणि म्हणूनच तिनं सांगितलं. सगळं ऐकून त्यानं पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला.

"आमच्याकडे चूक राहिली तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापतात," तो म्हणाला. "तुमच्याकडे काय करतात?"

"सांगतात," ती म्हणाली. आणि मग, "सांगायला पाहिजे."

"नोकरी जाईल?"

"जाईल कदाचित. पण मला राहून राहून त्या सहा जणींचंच येतंय डोक्यात. मला त्यांचे फक्त नंबर माहीत आहेत. रस्त्यात समोर आल्या तरी ओळखता येणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी कुलूप ओढून न बघताच ती जिना उतरली. नवऱ्याच्या ते लक्षात आलं. तो स्वतःच वर जाऊन बघून आला.

डॉक्टर मॅडम कमी बोलायच्या. त्यांच्या गप्प बसण्याला सगळी लॅब टरकून असायची. ताईनं उभ्या उभ्या सांगितलं. बसायचं तिला सुचलंच नाही. मॅडमनी रजिस्टर बघितलं, चष्मा काढला.

"आकडा न बघता लिहिलात?"

"हो मॅडम."

"तुम्ही?"

त्या एका शब्दानं ताईचे डोळे भरून आले. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

"आणि खात्रीची काच फक्त पहिल्याच फेरीत," मॅडम स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "ही पद्धत माझी. प्रत्येक फेरीत ठेवायला हवी होती. ते खापर तुमच्यावर फोडता येणार नाही मला." मग त्यांनी चष्मा लावला. "सहाही वड्या काढा. आजच करा. मी इथेच आहे."

सहा वड्या निघाल्या. पातं नवीन लावलं. ताईनं कापलेले पहिले दोन पापुद्रे चुरगळून पाण्यात गोळा झाले. तिसऱ्या खेपेला गुणगुण्या म्हणाला, "सरका, मी कापतो. तुम्ही झेला." एरवी तिनं पातं कुणाच्या हाती दिलं नसतं. त्या दिवशी दिलं. प्रत्येक काचेच्या टोकाला त्यांनी खात्रीच्या गाठीचा एक तुकडाही बसवला. मग टाकी. ताई तापमापकासमोर स्टूल घेऊन बसली आणि चाळीस मिनिटं तिथून हलली नाही. कुणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

चार वाजता मॅडमनी एकेक काच मायक्रोस्कोपखाली घेतली. पहिली: नाही. दुसरी: नाही. तिसरी, चौथी: नाही. ताईच्या जिवात जीव यायला लागला होता. पाचव्या काचेवर मॅडम थांबल्या. भिंग बदललं. काच सरकवली, परत मागे आणली. मग खुर्ची मागे घेऊन म्हणाल्या, "बघा."

ताईनं डोळा लावला. प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडा होती, खुराड्याच्या जाळीसारखी, एकही घर न सोडता. यात शंकेला जागाच नव्हती.

सहावी 'नाही' आली.

मॅडमनी लगेच वरच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. केमो सुरू झाली असेल तर हर-टूचं औषध केमोसोबत जोडता येईल, फार उशीर झालेला नाही, असं ते म्हणाले. पण थोड्याच वेळात त्यांचा उलट फोन आला. ती पेशंट केमोच्या ठरल्या दिवशी आलीच नव्हती. तिचा नंबर बंद लागत होता. कागदावर घरचा पत्ता अर्धवट होता. कामाचं ठिकाण मात्र लिहिलं होतं, एक मोटार ड्रायव्हिंग स्कूल.

"पत्र पाठवतील ते," मॅडम म्हणाल्या.

"पत्र कधी पोचणार? मी जाते."

"ताई, लॅबमधून कुणी पेशंटकडे जात नाही."

"माहीत आहे."

मॅडमनी ड्रायव्हिंग स्कूलचा पत्ता चिठ्ठीवर उतरवून तिच्या हातात दिला. "फक्त सांगायचं, लगेच येऊन डॉक्टरांना भेटा. बाकी ते बोलतील. एक शब्द जास्त नाही."

शनिवारी सकाळी ताई तिथे गेली. ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एका पेट्रोल पंपामागची पत्र्याची खोली आणि बाहेर तीन गाड्या. कॅन्सरची म्हणून ताईनं मनात एक सुकलेली, शाल पांघरलेली बाई धरली होती. समोर आली ती चाळिशीची, उंच, केस बारीक कापलेली, मोठ्या आवाजाची बाई. एका हाताची हालचाल तेवढी जपून करत होती. ताई हॉस्पिटलमधून आलीय म्हटल्यावर तिनं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "इथे नको. गाडीत बसा."

ती शिकवणाऱ्याच्या बाजूला बसली. ताईला जागा मिळाली ती स्टिअरिंगसमोर.

"घाबरू नका, चालवायला नाही सांगत," बाई म्हणाली. "बोला. बिल राहिलं का काही?"

"नाही. तुम्ही लगेच येऊन डॉक्टरांना भेटा, एवढंच सांगायला आले. तुमचा फोन लागत नव्हता."

"नंबर बदलला. सगळ्या नात्यागोत्यातून रडवे फोन यायला लागले. मी मेले नव्हते तरी बारावं चालू होतं." ती हसली. मग हसू गेलं. "आणि केमोला मी घाबरले. खरं सांगते. पिशवी भरून रिक्षात बसले होते, अर्ध्या वाटेतून परतले. म्हटलं, एक आठवडा जाऊ दे. पण त्यासाठी कुणी माणूस पाठवत नाही. काय झालंय?"

"डॉक्टर सांगतील."

"तुम्ही सांगा."

ताईनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, जणू ते धरून राहिलं नाही तर गाडी आपणहून निघेल. एक शब्द जास्त नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण शेजारी बसलेल्या या बाईच्या पेशी तिनं काल मायक्रोस्कोपखाली बघितल्या होत्या आणि ती बाई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"तुमच्या गाठीची एक तपासणी चुकीची आली होती," ती म्हणाली. "त्यात एक प्रथिन नाही असं लिहिलंय. ते आहे. भरपूर आहे. ते पेशींना वाढत राहायला सांगतं. म्हणून तुमची गाठ आम्हाला वाटली त्यापेक्षा द्वाड आहे. पण त्या प्रथिनावर औषध आहे, चांगलं औषध, आणि ते तुम्हाला मिळायला हवं. उशीर झालेला नाही. पण आता आठवडा घालवू नका."

"चुकीची कशी आली?"

"माझ्यामुळे."

बाहेर कुणीतरी हवा भरत होतं, त्याचा फुसफुस आवाज येत होता.

"म्हणजे तुम्ही आला नसता तर?"

ताईनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले.

"तर मी नाचत बसले असते, की बरं झालं बाई, साधी गाठ आहे," ती बाई म्हणाली. तिचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी मुलाला तसंच सांगितलंय. साधी आहे म्हणून."

"मला माफ—"

"उतरा."

"तुम्ही येणार ना?"

"उतरा म्हटलं ना गाडीतून!"

ताई उतरली. तो दिवस आणि रविवार कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. ती बाई चिडून आलीच नाही तर? आपण जास्त बोललो म्हणून आली नाही तर? मॅडमचं ऐकलं असतं तर? नवऱ्यानं तिला बाजारात नेलं, तिथे ती भाजीवाल्यासमोर पिशवी उघडी धरून नुसतीच उभी राहिली.

सोमवारी साडेअकराला वरून फोन आला: पेशंट आली आहे, सोबत मुलगा आहे, उपचार बुधवारी सुरू होतील. ताईनं फोन ठेवला आणि औषधांच्या कपाटाआड जाऊन रडून घेतलं. गुणगुण्यानं तेवढा वेळ मोठ्यानं गाणं म्हटलं.

चौकशी झाली. ताईला लेखी ताकीद मिळाली आणि तीन महिने हर-टूच्या काचा तिच्याकडून काढून घेतल्या. नोकरी गेली नाही. मॅडमनी नियम बदलला: प्रत्येक काचेवरच खात्रीचा तुकडा. टाकीही नवीन आली. हे सगळं झालं तरी ताईच्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना. एकदा न बघता आकडा लिहिला, तर आधी कधी लिहिला नसेल कशावरून? जेवणाच्या सुट्टीत बसून तिनं मागच्या तीन वर्षांची रजिस्टरं चाळली, दोन फेऱ्यांमध्ये कुठे कमी वेळ गेलाय ते शोधत. दोन ठिकाणं संशयाची निघाली. मॅडमनी कुरकुर न करता दोन्ही परत करायला लावली. दोन्ही बरोबर होती. त्याआधीच्या वर्षांच्या वड्या गोदामात होत्या. "किती मागे जाणार आहात?" मॅडमनी विचारलं, आणि ताईलाही ते माहीत नव्हतं.

सव्वा वर्षानं एका दुपारी लॅबच्या खिडकीवर टकटक झाली. तीच उंच बाई. केस गळून परत उगवलेले, आता थोडे कुरळे.

"औषध संपलं गेल्या महिन्यात," ती म्हणाली. "तपासण्या ठीक आल्या. खाली काय आहे ते बघू म्हटलं."

ताईनं तिला आत घेतलं, स्टूल पुढे सरकवलं. "बसा ना."

"बसायला नाही आले. ते दाखवा मला. ते प्रथिन."

असं कुणाला दाखवायचं नसतं. ताईनं मॅडमना फोन करून विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पेशंटचं आहे. दाखवा." तिनं पाचवी काच काढून लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली ठेवली, भिंग जुळवलं आणि बाजूला झाली.

बाई बराच वेळ वाकून बघत होती.

"निळे ठिपके म्हणजे पेशी?"

"हो. आणि भोवतीचं तपकिरी, ते हर-टू."

"नक्षी काढल्यासारखं दिसतं हो. मला वाटलं काहीतरी ओंगळ असेल." ती अजून बघतच होती. "हे आता माझ्या अंगात नाही ना?"

ताईला 'नाही' म्हणावंसं फार वाटलं. तो शब्द जिभेवर आला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तपासण्या चांगल्या आल्यात, एवढं माहीत आहे. पुढच्या तपासण्या चुकवू नका."

बाई सरळ उभी राहिली, ताईकडे बघितलं. "तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा," ती म्हणाली. "पण दुसऱ्या कुणी 'नाही' म्हटलं असतं."

पाच वाजता तिचा एक शिकाऊ येणार होता, साठीचे एक आजोबा, ज्यांना गाडी मागे घेता येत नव्हती. त्यांच्या गोष्टी सांगत, कॉरिडॉरमध्ये आवाज घुमवत ती निघून गेली. तिची पुढची तपासणी तीन महिन्यांनी होती. तारीख ताईनं विचारून घेतली होती.